‘स्केलेबल’ म्हणजे नेमकं काय? आयन-ट्रॅप क्वांटम संगणकाची तीस वर्षं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी तोंडी परीक्षा होती. मी दिलेल्या बारा पानी अहवालात ‘स्केलेबल’ हा शब्द अकरा वेळा आला होता. मला हे माहीत नव्हतं. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी मात्र पेन्सिलने खुणा करून मोजून ठेवलं होतं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “यातला कुठलाही एक ‘स्केलेबल’ खोडला, तर वाक्याचा अर्थ बदलतो का?” मी दोन-तीन वाक्यं वाचून बघितली. बदलत नव्हता. “मग लिहिलात कशाला?”

परीक्षा पार पडली, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे पंधरा दिवस मी लॅबमधलं काम बाजूला ठेवून या एका शब्दाचा माग काढत जुने पेपर वाचले. हा लेख त्या वाचनाचा आहे. संशोधनाकडे वळू पाहणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा असं मला वाटतं. ‘एक मोठा शोध लागला आणि प्रश्न सुटला’ असं यात कुठेच होत नाही. एका अवघड प्रश्नाचे तुकडे कसे होत जातात आणि त्यातला एकेक तुकडा कुणाच्या तरी पीएचडीचा विषय कसा होतो, ते यात दिसतं.

आधी एक आयन

आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू. आपल्या कामातल्या आयनांमध्ये एक इलेक्ट्रॉन कमी असतो. भार आहे म्हणजे विद्युतक्षेत्राने त्याला धरून ठेवता येईल, असं वाटतं. पण १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या सॅम्युअल अर्नशॉ यांच्या प्रमेयाने ती वाट बंद केली होती. स्थिर विद्युतक्षेत्राने भाराला सगळ्या बाजूंनी कोंडता येत नाही. दोन बाजूंनी दाबला की तो तिसऱ्या बाजूने निसटतो.

बॉन विद्यापीठातल्या वोल्फगांग पाउल यांनी १९५० च्या दशकात यातून मार्ग काढला: क्षेत्र स्थिर ठेवायचंच नाही. घोड्याच्या खोगिरावर गोटी ठेवा, ती बाजूला घरंगळेल. पण खोगीर योग्य वेगाने फिरवत राहिलं, तर गोटी घरंगळायच्या आत तिच्यासमोर चढ येतो आणि ती मध्यावरच घुटमळत राहते. पाउल-ट्रॅपमध्ये हे काम सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलणारं विद्युतक्षेत्र करतं.

तरीही एकच अणू पकडून त्याच्यावर प्रयोग करणं बऱ्याच जणांना कल्पनेतलंच वाटत होतं. १९५२ च्या एका लेखात श्रोडिंगर यांनी याची तुलना प्राणिसंग्रहालयात इक्थिओसॉर पाळण्याशी केली होती. इक्थिओसॉर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेले समुद्री सरपटणारे प्राणी. त्यानंतर तीस वर्षांच्या आत ते झालं. १९७५ मध्ये डेव्हिड वाइनलँड आणि हान्स डेमेल्ट यांनी लेझरने आयन थंड करण्याची कल्पना मांडली, १९७८ मध्ये ती बोल्डर आणि हायडेलबर्ग इथे प्रत्यक्षात आली आणि १९८० मध्ये हायडेलबर्गच्या गटाने एकट्या बेरियम आयनाचा फोटो काढला. थंड करण्याची युक्ती साधी आहे. लेझरची वारंवारता किंचित कमी ठेवायची. मग लेझरच्या दिशेने येणारा आयनच जास्त फोटॉन शोषतो आणि प्रत्येक फोटॉन त्याला थोडा मागे ढकलतो.

इथे क्वांटम संगणकाचा विषयच नव्हता, हे लक्षात ठेवा. वाइनलँड यांचा गट अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत अचूक अणुघड्याळं बनवण्याच्या मागे होता.

१९९४-९५: व्याख्यान, कल्पना, प्रयोग

१९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की क्वांटम संगणक असेल तर मोठ्या संख्यांचे अवयव फार कमी पायऱ्यांत पाडता येतील. त्याच वर्षी बोल्डरमध्ये अणुभौतिकीची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि तिथे आर्टुर एकर्ट यांनी क्वांटम गणनेवर व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांत इग्नासिओ सिराक आणि पीटर त्सोलर होते. पुढच्याच वर्षी, मे १९९५ मध्ये, या दोघांचा पेपर आला: थंड केलेल्या आयनांची ओळ हाच क्वांटम संगणक होऊ शकतो.

कल्पना अशी. एकाच बाजेवर पाच माणसं ओळीने बसली आहेत. एकाने अंग हलवलं की बाज हलते आणि ते बाकीच्या चौघांना कळतं. ट्रॅपमधले आयन एकमेकांना विद्युतबलाने ढकलत असतात, त्यामुळे त्यांची हालचाल अशीच सामायिक असते. प्रत्येक आयनाच्या आतल्या दोन ऊर्जापातळ्या म्हणजे एक क्यूबिट. एका आयनावर लेझर टाकून त्याची स्थिती सामायिक कंपनात उतरवायची, दुसऱ्या आयनावर लेझर टाकून त्या कंपनानुसार त्याची स्थिती बदलायची, मग पहिल्याची स्थिती त्याला परत करायची. दोन आयनांमध्ये गेट झालं.

डिसेंबर १९९५ मध्ये मन्रो, वाइनलँड आणि सहकाऱ्यांनी यातला गाभ्याचा भाग करून दाखवला. एकच बेरिलियम आयन होता. एक क्यूबिट त्याच्या आतल्या पातळ्यांत आणि दुसरा त्याच्या कंपनात. कल्पनेपासून प्रयोगापर्यंत सात महिने! आपण आज वाचतो तेव्हा वाटतं, आता फक्त आयन वाढवत न्यायचे.

१९९६: शंका घेणारा कोण होता?

ऑगस्ट १९९६ मध्ये ‘फिजिक्स टुडे’ मासिकात सर्ज अरोश आणि जाँ-मिशेल रेमाँ यांचा लेख आला. शीर्षकातच प्रश्न होता: क्वांटम गणना हे स्वप्न आहे की दुःस्वप्न? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सिद्धान्त मांडणाऱ्याला जे स्वप्न वाटतं, ते प्रयोग करणाऱ्यासाठी दुःस्वप्न आहे. या प्रयोगांतून मोठा संगणक उभा राहील याची शक्यता कमी. तो का उभा राहत नाही, हे मात्र नक्की शिकायला मिळेल.

हे कुणी बाहेरून टोमणा मारणाऱ्याचं मत नव्हतं. पॅरिसमध्ये अरोश यांचा गट आरशांमधल्या पोकळीत मोजके फोटॉन कोंडून त्यांच्याशी अणूंची भेट घडवत होता आणि त्याच वर्षी त्यांनी क्वांटम अवस्था हळूहळू विस्कटत जाताना प्रत्यक्ष मोजली होती. क्यूबिट किती नाजूक असतो, हे त्यांच्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं होतं.

त्यांची शंका एका गुणाकारात मांडता येते. समजा, एक गेट ९७ टक्के अचूक आहे. ऐकायला छान. शंभर गेट लागोपाठ केली, तर सगळं बरोबर येण्याची शक्यता ०.९७ चा शंभरावा घात, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. शोरच्या पद्धतीला उपयोगाच्या आकारात कोट्यवधी गेट लागतात. आता हेही सांगायला हवं की २००३ मध्ये दोन आयनांमधल्या गेटची अचूकता बोल्डरमध्ये ९७ टक्के होती, आणि सिराक-त्सोलर यांचं मूळ गेट इन्सब्रुकमध्ये कॅल्शियम आयनांवर पहिल्यांदा केलं तेव्हा ती ७१ टक्के होती. म्हणजे १९९६ मध्ये शंका घेणाऱ्यांकडे भरपूर कारण होतं.

या गुणाकारातून सुटण्याचा एकच मार्ग होता: चुका होतात तिथेच दुरुस्त करणं. शोर आणि अँड्र्यू स्टीन यांनी १९९५-९६ मध्ये क्वांटम चूक-दुरुस्तीच्या पद्धती दिल्या. पाठोपाठ हेही सिद्ध झालं की प्रत्येक गेटची चूक एका ठरावीक उंबरठ्याच्या खाली असेल, तर गणना हवी तितकी लांबवता येते. पण त्यासाठी एका पक्क्या क्यूबिटमागे अनेक कच्चे क्यूबिट लागतात. म्हणजे संख्या आणखी वाढवायची, आणि ती वाढवताना चूक मात्र वाढू द्यायची नाही. ‘स्केलेबल’ शब्दाचं सगळं वजन या शेवटच्या वाक्यात आहे. मला ते परीक्षेत सांगता आलं नव्हतं.

साखळी लांब का होत नाही

मग बाजेवर माणसं वाढवत का न्यायची नाहीत? तीन कारणं आहेत आणि तिन्ही तुम्ही एमएस्सीच्या गणितात स्वतः काढू शकता.

एक: N आयनांना कंपनाचे ३N प्रकार असतात. आयन दोन असतील तर सहा. पन्नास असतील तर दीडशे, तेही एकमेकांना खेटून. लेझरने एकच प्रकार हलवायचा म्हटलं तरी शेजारचा हलतो.

दोन: साखळी जड झाली की एका फोटॉनच्या धक्क्याने ती कमी हलते. आयन आणि कंपन यांची जोडणी N च्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. गेट मंदावतं आणि मंद गेटला विस्कटायला जास्त वेळ मिळतो.

तीन: ओळीत जास्त आयन कोंबले की ओळ सरळ राहत नाही, नागमोडी होते. सरळ ठेवायची तर लांबीच्या दिशेचा दाब कमी करावा लागतो. मग कंपनं आणखी मंद आणि आणखी खेटून.

आरहुसचे आंडर्स सोरेन्सन आणि क्लाउस मोल्मर यांनी १९९९ मध्ये असं गेट सुचवलं, की ज्यासाठी साखळी अगदी किमान ऊर्जेच्या अवस्थेत असण्याची गरज नाही. त्याने मोठा आधार मिळाला. इन्सब्रुकने २०११ मध्ये १४ आयन याच प्रकारच्या गेटने एकमेकांत गुंतवून दाखवले. पण वरच्या तीन कारणांपैकी एकही त्याने पुसलं जात नाही. चौदाचे चौदा हजार नुसती ओळ लांबवून होणार नाहीत.

साखळी तोडा

वाइनलँड यांच्या गटाने १९९८ मध्ये एक लांबलचक पेपर लिहिला. ‘प्रायोगिक अडचणी’ हे शब्द त्याच्या शीर्षकातच आहेत. कुठे कुठे काय काय बिघडू शकतं, याची त्यात पानोपानी यादी आहे. माझ्या मते, अरोश यांच्या लेखाला दिलेलं खरं उत्तर हेच. ‘नाही, जमेल’ असं नुसतं म्हणण्याऐवजी त्यांनी दुःस्वप्नाची कलमवार यादी केली. नवीन विद्यार्थ्याने या विषयातला एकच जुना पेपर वाचायचा असेल तर हा वाचावा.

त्या यादीतून वाढलेली कल्पना जून २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये आली. लेखक डेव्हिड किल्पिन्स्की, मन्रो आणि वाइनलँड. रेल्वेचं यार्ड डोळ्यांसमोर आणा. शंभर डब्यांची एकच गाडी करायची नाही. डबे वेगवेगळ्या रुळांवर उभे ठेवायचे. ज्या दोघांचं काम आहे तेवढेच एका ठिकाणी आणायचे, काम झालं की परत नेऊन ठेवायचे. एका चिपवर अनेक छोटे ट्रॅप, त्यांच्यात वाटा, आणि इलेक्ट्रोडवरचा विद्युतदाब बदलून आयनांची ने-आण. एका जागी कधीच दोन-चारपेक्षा जास्त आयन नाहीत, म्हणून गेट कायम छोट्या साखळीवरचंच आणि तितकंच चांगलं. कॅमेऱ्यातल्या सीसीडी चिपवर विद्युतभार असेच घरोघरी सरकवत नेतात, म्हणून या रचनेला क्यूसीसीडी हे नाव पडलं.

बघा, इथे वाक्य कसं बदललं. ‘आयन-ट्रॅप स्केलेबल आहे’ असं हा पेपर नुसतं म्हणत नाही. आयनांची संख्या वाढली तरी गेटमधल्या आयनांची संख्या वाढत नाही, हे तो दाखवतो. काय वाढतं आणि काय वाढत नाही, दोन्ही सांगितलेलं आहे.

प्रत्येक उत्तराचं बिल

पण कागदावरचं यार्ड आणि खरं यार्ड यांत वीस वर्षांचं अंतर निघालं.

पहिलं बिल वाहतुकीचं. २००२ मध्येच बोल्डरच्या गटाने आयन १.२ मिलिमीटर नेऊन दाखवला आणि त्यात तो जवळजवळ तापला नाही. पण दोन आयनांना एकमेकांपासून तोडताना ते खूप तापत होते. ट्रॅपमध्ये ‘तापणं’ म्हणजे कंपन वाढणं, आणि कंपनावरच तर गेट चालतं. पुन्हा लेझरने थंड करायचं, तर तोच लेझर क्यूबिटमधली माहिती पुसतो. उपाय: शेजारी दुसऱ्या मूलद्रव्याचा आयन ठेवायचा. लेझर फक्त त्याला थंड करेल आणि सामायिक हालचालीमुळे क्यूबिटचा आयनही थंड होईल. २००९ मध्ये जॉनथन होम आणि सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या जोडीला मॅग्नेशियम ठेवून हे सगळं एकाच प्रयोगात केलं: नेणं, तोडणं, जोडणं, थंड करणं, गेट करणं, आणि पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीत कामगिरी घसरली नाही. त्या पेपरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

दुसरं बिल चिपचं. यार्ड छोट्या जागेत बसवायचं तर इलेक्ट्रोड आयनाच्या जवळ आणावे लागतात. २००६ मध्ये सगळे इलेक्ट्रोड एकाच सपाट पृष्ठभागावर असलेला ट्रॅप चालवून दाखवला गेला आणि चिपसारखं छापून ट्रॅप बनवण्याची वाट खुली झाली. आयन मात्र पृष्ठभागापासून जेमतेम काही दशांश किंवा शतांश मिलिमीटरवर. तिथे तो उगाचच तापतो. इलेक्ट्रोडच्या साध्या विद्युत-रोधातून जेवढा गोंगाट यायला हवा, त्यापेक्षा कितीतरी जास्त. २००० च्या सुमारास बोल्डरच्या मोजणीतून दिसलं की अंतर कमी केलं की हे तापणं साधारण अंतराच्या चौथ्या घाताने वाढतं. अंतर निम्मं, तापणं सोळापट.

२००८ मध्ये एमआयटीच्या गटाने ट्रॅप सहा केल्विनपर्यंत थंड केला. खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या तेवढ्याच आकाराच्या ट्रॅपच्या तुलनेत तापणं साधारण शंभरपट कमी झालं. २०१२ मध्ये बोल्डरच्या गटाने निर्वातातच आरगॉन आयनांचा मारा करून इलेक्ट्रोड घासून काढला. तिथेही शंभरपट. म्हणजे दोष पृष्ठभागावरच्या कसल्यातरी थरात आहे, एवढं नक्की झालं. नेमका कशात, यावर अजून काम चालू आहे. माझा स्वतःचा विषय या एका ओळीतला आहे: धातूचा पृष्ठभाग, त्यावरचा थर, आणि त्यातून येणारा गोंगाट. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपण क्वांटम संगणकाऐवजी भांडी घासतोय. यादी वाचल्यावर कळलं, त्या यादीतलं हे एक अख्खं कलम आहे.

दुसरा रस्ता: प्रकाशाचा दुवा

एक चिप किती मोठी करणार? कधीतरी दोन चिप जोडाव्या लागणारच. यासाठी मन्रो यांच्या गटाने, तेव्हा मिशिगनमध्ये, वेगळी वाट धरली. आयन हलवायचाच नाही. दोन ट्रॅपमधल्या आयनांना एकेक फोटॉन सोडायला लावायचा, ते दोन फोटॉन एका जागी आणून तपासायचे, आणि ठरावीक निकाल आला की दूरचे दोन आयन एकमेकांत गुंतलेले असतात. २००७ मध्ये एक मीटर अंतरावरच्या दोन यटर्बियम आयनांवर हे जमलं.

जमलं, पण कित्येक मिनिटांतून एकदा. बहुतेक फोटॉन वाटेतच हरवतात, किंवा शोधकापर्यंत पोचत नाहीत. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने स्ट्रॉन्शियम आयनांवर हा वेग सेकंदाला १८२ वर आणला, ९४ टक्के अचूकतेने. २०२५ मध्ये त्याच विद्यापीठात सुमारे दोन मीटर अंतरावरच्या दोन ट्रॅपमध्ये अशा दुव्यावरून गेट चालवून एक छोटी गणना पूर्ण केली. त्या गेटची अचूकता ८६ टक्के होती. एका ट्रॅपमधल्या गेटपेक्षा ती बरीच कमी आहे. पण मिनिटांवरून सेकंदाच्या अंशांवर येण्यात काय काय घडलं, ते बघा: भिंगं सुधारली, शोधक सुधारले, फोटॉनची गळती कमी झाली. एकही बदल वर्तमानपत्रात मथळा व्हावा असा नाही.

आजची यंत्रं आणि आजची अडचण

२०२१ मध्ये हनीवेल कंपनीच्या गटाने २००२ ची यार्डाची रचना पूर्ण संगणक म्हणून चालवून दाखवणारा पेपर प्रसिद्ध केला. म्हणजे कल्पना ते यंत्र, एकोणीस वर्षं. त्याच गटाच्या पुढच्या, क्वांटिन्यूअम नावाने आलेल्या यंत्रात धावपट्टीसारखी लंबगोल वाट होती. २०२३ मध्ये ३२ क्यूबिट, गेटची अचूकता ९९.८ टक्के, २०२४ मध्ये ५६ क्यूबिट. २०२५ मधल्या यंत्रात ९८ बेरियम क्यूबिट आहेत आणि वाटांना चौक आहे.

आता तोच गुणाकार पुन्हा करा. ०.९९८ चा शंभरावा घात सुमारे ८२ टक्के येतो. २००३ च्या पाच टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला की कामाचं मोल कळतं. आणि कोट्यवधी गेटशेजारी ठेवला की अंतर कळतं.

या यंत्रांचा वेळ कशात जातो, माहीत आहे? गेटमध्ये थोडा, आणि आयनांची ने-आण आणि पुन्हा थंड करणं यात बराचसा. शिवाय तारा. प्रत्येक इलेक्ट्रोडला स्वतंत्र विद्युतदाब द्यायचा तर क्यूबिट वाढले की निर्वात कोठडीत शिरणाऱ्या तारा वाढतात. म्हणून २०२३ च्या यंत्रात काही इलेक्ट्रोडना एकच सामायिक संकेत दिला आहे. त्याच वर्षी हजार क्यूबिटच्या यंत्राची वायरिंग कशी करायची, एवढ्याच प्रश्नावर एक अख्खा पेपर आला. लेझरचंही तसंच. २०२० मध्ये झुरिक आणि एमआयटीच्या लिंकन लॅबमधल्या गटांनी प्रकाश थेट चिपमधल्या वाहिन्यांतून आयनापर्यंत नेला, म्हणजे टेबलभर आरसे लावायला नकोत.

१९९५ च्या पेपरमध्ये तारा हा शब्द कुणी शोधायला जाणार नाही. तीस वर्षांनी तोच यादीत वर आलाय.

मग बरोबर कोण होतं?

२०१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं: सर्ज अरोश आणि डेव्हिड वाइनलँड. एकाने शंकेचा लेख लिहिला, दुसऱ्याने अडचणींची यादी केली. पारितोषिक मिळालं ते एकेकट्या क्वांटम प्रणालींना न मोडता मोजण्याच्या आणि हाताळण्याच्या पद्धतींसाठी. स्टॉकहोममध्ये दोघे एकाच मंचावर होते.

मला वाटतं, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. अरोश यांच्या लेखातला गुणाकार आजही खरा आहे. फक्त त्यात घालायची संख्या बदलली, आणि ती आपोआप बदलली नाही. कुणीतरी इलेक्ट्रोड घासला, कुणीतरी दोन आयन न तापवता तोडायला शिकलं, कुणीतरी फोटॉनची गळती थांबवली. शंका नीट आकड्यांत मांडली असेल, तर ती पुढच्या लोकांसाठी कामांची यादी होते. आणि आशा नुसत्या विशेषणात मांडली असेल, तर तिच्यातून कुणालाच काम मिळत नाही.

म्हणून संशोधनाचा प्रस्ताव लिहिणाऱ्यांना एक सवय सुचवते. ‘स्केलेबल’ लिहावंसं वाटलं की थांबा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. N वाढला की काय वाढतं? ते कितव्या घाताने वाढतं? आणि माझं काम त्या घाताला हात लावतं, की नुसतं समोरचा गुणक कमी करतं? दोन्ही कामं चांगलीच आहेत. २००२ च्या पेपरने घाताला हात घातला, २०१२ च्या घासण्याने गुणक शंभरपट उतरवला. पण आपण कुठलं करतोय ते आपल्याला माहीत हवं. पेपर वाचतानाही हेच प्रश्न विचारा. गोषवाऱ्यात उत्तर नसेल तर आकृत्यांमध्ये आडव्या अक्षावर N आहे का, ते बघा. पुष्कळदा नसतो.

मी अहवाल पुन्हा लिहिला. अकरापैकी दहा ‘स्केलेबल’ गेले. एक राहिला, तो अशा वाक्यात: ‘आयन आणि इलेक्ट्रोड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की तापणं सोळापट होतं, हे तापणं किमान तेवढ्याच पटीने कमी केल्याशिवाय ही चिप स्केलेबल म्हणता येणार नाही.’ परीक्षक मॅडमना तो मेलने पाठवला. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: “आता हा खोडू नका.”